सिंहगडाकडे तोंड

आमच्या सासवडच्या घरात पूर्व-पश्चिम कुणी म्हणत नसे. कऱ्हेकडचं दार, पुरंदराकडची भिंत, दिवेघाटाकडची खिडकी. मावळतीची बाजू तात्यांची, म्हणजे माझ्या आजोबांची. ते तिला सिंहगडाची बाजू म्हणत. माडीवरच्या झरोक्यातून गड दिसतो, असं ते अगदी शपथेवर सांगायचे. मला तो कधी दिसला नाही. आधी मी बुटका होतो म्हणून, मग हवा धुरकट आहे म्हणून, आणि पुढं उंची आली तेव्हा नेमकं कुठं बघायचं ते दाखवायला तात्याच उरले नव्हते.

तात्या प्राथमिक शाळेत मास्तर. तानाजीची गोष्ट त्यांनी किती वेळा सांगितली असेल त्याची गणती नाही. घोरपड, दोर, शेलारमामा हे सगळं यायचंच, पण त्यांचा जीव शेवटावर. १६७० मधली माघातली रात्र. गड तर हाती आला, पण पलीकडं राजगडावर महाराजांना ते कळायचं कसं? तर मावळ्यांनी पागेचे खण पेटवून दिले आणि तो उजेड राजगडावरून दिसला. सभासदाच्या बखरीत हे आहे. पण तात्या स्वतः राजगडाच्या बुरुजावर थंडीत कुडकुडत उभे असल्यासारखे सांगत. “घोडं खिंडीत पोचायच्या आधी निरोप उजेडावर बसून आला बघ,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग आजी खालून जेवायला हाक मारायची.

मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, ते पुण्याला दिसायला लागलं. मुंबईचं चित्र सिंहगडावर घ्यायचं आणि तिथल्या मनोऱ्यावरून पुन्हा चहूकडं फेकायचं. याला तेव्हा ‘सहक्षेपण’ म्हणत. शब्द कुणी घडवला कोण जाणे, पण तात्यांना तो फार आवडला होता. माझी आत्या सदाशिव पेठेत दिलेली, तिच्या वाड्यात मालकांकडं टीव्ही लवकर आला. बातम्या देणारी एक सावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी तिला आठवते. पुढं ती सिनेमात गेली, ती स्मिता पाटील. आत्या अजूनही “आम्ही तिला आधी पाहिलं” असं अशा सुरात म्हणते की जणू स्मिताला बातम्यांना हिनंच बसवलं होतं.

आमच्याकडं टीव्ही आणला आप्पानं, माझ्या धाकट्या चुलत्यानं. तो आयटीआय करून पुण्यात कारखान्यात लागला होता. नक्की कधी आणला यावर आमच्या घरात आजही दोन तट आहेत. आप्पा म्हणतो एशियाडसाठी, म्हणजे नोव्हेंबर १९८२. आत्या म्हणते, छे, पुढच्या उन्हाळ्यात. मला एवढंच आठवतं की त्या दिवशी जेवायला बाजरीची भाकरी आणि वर तिळाची चटणी होती, आणि आजी थंडी पडल्याशिवाय बाजरी तव्यावर टाकत नसे. तेव्हा माझं मत आप्पाला. देशात रंगीत चित्र त्याच एशियाडच्या निमित्तानं आलं, पण आमचा शटरचा संच काळा-पांढरा. खेळांचा शुभंकर असलेला अप्पू आम्ही करडाच पाहिला. हत्ती मुळात करडाच असल्यामुळं काही बिघडलं नाही.

टीव्ही टेम्पोतून आला आणि अँटेना एसटीच्या टपावरून. पुठ्ठ्याच्या लांबट खोक्यात ॲल्युमिनियमच्या कांड्या, मधला दांडा, प्लास्टिकचा डबीसारखा तुकडा, यू-क्लॅम्प आणि पुडीभर नट-बोल्ट. आप्पानं ओसरीवर गोणपाट अंथरून सगळं मांडलं. तात्या खुर्चीत बसून माहितीचा कागद वाचत होते. त्यावर ‘यागी’ असा शब्द होता. तात्या खुलले. “यागी म्हणजे याग करणारा. नाव आपलंच दिसतंय.” पुढं कितीतरी वर्षांनी मला कळलं की यागी हे जपानी प्राध्यापक, हिदेत्सुगु यागी. सेंडाईच्या विद्यापीठात त्यांचे सहकारी शिंतारो उडा यांनी या अँटेनावर खूप काम केलं, १९२६ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि जगाच्या तोंडी नाव बसलं ते एकट्या यागींचं. उडा मागं पडले. आमच्याकडंही तसंच झालं. आढ्यावर चढून खांब उभा केला तो शेजारच्या गवंडीकाकांनी, पण गावात ‘आप्पाचा अँटेना’.

खांब म्हणजे विहिरीवरच्या जुन्या इंजिनाचा पाइप. दोन कौलं काढून तो आतल्या तुळईला पट्ट्यांनी आवळला आणि कुंपणाच्या तारेचे तीन ताण तीन बाजूंना दिले. टीव्हीला जाणारी वायर तेव्हा चपटी, पट्टीसारखी असायची. ती सरळ ओढली की वाऱ्यात फडफडते, म्हणून तिला मध्ये मध्ये पीळ द्यायचा. लोखंडी खांबाला चिकटू द्यायची नाही, लाकडाच्या खुंट्यांवरून दूर धरून आणायची. आणि खिडकीतून आत घेण्याआधी बाहेर तिला पाळण्याच्या दोरीसारखा झोल ठेवायचा. म्हणजे पावसाचं पाणी झोलाच्या तळाशी येऊन गळतं, वायरीवरून घरात शिरत नाही. हा झोल गवंडीकाकांनी कुणी न सांगता ठेवला. कौलं शाकारणाऱ्या माणसाला पाणी कुठून शिरतं ते शिकवावं लागत नाही.

आजी माळकरी. सगळं उभं राहिल्यावर ती अंगणात आली, वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. “अरे, घरावर मासळीचा काटा टांगलाय का रे?” खरंच तसंच दिसत होतं. तिला दुसरी शंकाही होती. “एवढा पुरंदर नाकासमोर असताना सिंहगडाकडं कशाला तोंड करायचं?” या प्रश्नाला आप्पाकडं उत्तर नव्हतं.

तोंडाचीच गंमत पुढं झाली. आप्पानं अँटेना सिंहगडाच्या दिशेला बरोब्बर लावला, पण उलटा. मधली सेफ्टी पिनेसारखी वळवलेली कांडी असते, तिला वायर जोडतात. तिच्या मागं एक सगळ्यांत लांब कांडी, तिचं काम आरशाचं, येईल ते पुढं ढकलायचं. आणि पुढच्या कांड्या आखूड, त्या लहरींना वाट दाखवतात. आखूड बाजू मनोऱ्याकडं हवी. आप्पाला वाटलं, लांब कांडी पुढं ठेवली तर जास्त पकडेल. हातात मोठी परात असली की पुढं करायची, हे लग्नाच्या पंगतीतलं शहाणपण. पडद्यावर नुसत्या मुंग्या. इतक्या मुंग्या की आजी म्हणाली, साखर सांडल्यासारखं दिसतंय.

मग सुरू झालं ते आमच्या घरचं सहक्षेपण. आढ्यावर आप्पा, शिडीवर गवंडीकाका, अंगणात मी, खिडकीत माहेरी आलेली आत्या, आणि आत पडद्यासमोर पाटावर आजी. आप्पा ओरडायचा, “आता?” ते काका मला, मी आत्याला, आत्या आजीला. आजी शांतपणे बघून सांगायची, “माणूस हाय, पण त्याला मुंडकं न्हाई.” ते उलट्या वाटेनं आढ्यापर्यंत जायचं, आणि जाता जाता बदलायचं. मी “मुंडकं नाही” म्हटलं तर वर “काही नाही” पोचायचं. मग आप्पा खांब आणखी फिरवायचा आणि होतं तेही जायचं. शेवटी सगळं खाली काढून, उलटून, पुन्हा चढवलं. दिवस कलला होता. आतून आजीची एकदम हाक आली, ती मध्ये कुणीही न पोचवता थेट आढ्यावर ऐकू गेली. “अगं बाई, हे तर कांद्याचं बोलतायत!”

ते बहुधा ‘आमची माती, आमची माणसं’ असणार. शेतकऱ्यांसाठीच कार्यक्रम तो. घरात पहिलंवहिलं चित्र उमटलं ते कांद्याच्या रोपांचं, आणि आजीनं उठून संचाला हळदकुंकू वाहिलं. शटरच्या फटीत ते कुंकू शेवटपर्यंत होतं.

रात्री जेवताना तात्या गप्प होते. मग त्यांनी आप्पाला विचारलं, “गडावरून हे निघतं तेव्हा दिसत काहीच नाही? धूर नाही, जाळ नाही?” आप्पा भाकरी कुस्करत म्हणाला, “तात्या, उजेडाचीच जात आहे ती. फक्त आपल्या डोळ्याला दिसत नाही. म्हणून तर मध्ये डोंगर आला की अडतं.” तात्यांनी ताटावरचा हात थांबवला. नंतर कितीतरी दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते माडीवर नेत, झरोका दाखवत, आणि तानाजीपासून सुरुवात करून कांद्यापर्यंत येत. इतिहासाच्या मास्तरांना आपली गोष्ट खरी निघाल्याचं सुख फारसं मिळत नाही. तात्यांना ते मिळालं.

त्या संचावर आम्ही काय काय पाहिलं! एशियाडच्या हॉकी फायनलला पाकिस्तानकडून १-७ हरलो ते (आप्पाचं म्हणणं धरलं तर). २५ जून १९८३ ची विश्वचषकाची रात्र. तेव्हा वाऱ्यानं खांब फिरला होता आणि कपिल देवनं रिचर्ड्सचा झेल घेतला तेव्हा आप्पा आढ्यावर होता. तो झेल मी ऐकला, असं तो सांगतो. रामायणाबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय, मी ते सोडतो. पण ३ नोव्हेंबर १९८४ विसरत नाही. इंदिराबाईंची अंत्ययात्रा. ओसरीत, अंगणात, जिन्यावर माणसं, आणि आवाज कुणाचा नाही. आजीनं सकाळपासून चूल पेटवली नव्हती. घरात माणूस गेल्यावर पेटवत नाहीत तशी. पडद्यावर चितेला अग्नी दिला तेव्हा ती उठली, न्हाणीत गेली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. मग चहा ठेवला, चाळीस-पन्नास माणसांचा.

माउलींची पालखी दरवर्षी दिवेघाट चढून सासवडला मुक्कामाला येते. आमच्या ओसरीत वीस-पंचवीस वारकरी असायचे. एका वारीत कुणीतरी आपली पताका ताणाच्या तारेला बांधली. वाऱ्यानं पताका भरली, तार ओढली गेली, खांब वळला, चित्र गेलं. आप्पा पताका सोडायला निघाला तर आजी आडवी आली. “राहू दे. देवाचा पाव्हणा हाय. गेल्यावर बघ तुझं.” पालखीचा मुक्काम हलेपर्यंत टीव्ही बंद. वारकऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की आपण काय केलं, आणि आजीनं कुणाला कळू दिलं नाही. माझा धाकटा भाऊ रडला, तेव्हा तिनं त्याला भजनात टाळ धरायला बसवलं.

तात्या १९८७ मध्ये गेले. नव्वदच्या दशकात आमच्या आळीत केबल आली, खांबांवरून काळी जाड वायर आली आणि अँटेना नुसताच वर राहिला. त्यावर कावळे बसत, संक्रांतीच्या सुमाराला पतंग अडकत. कौलं काढून पत्रा घातला तेव्हा खांबासकट तो खाली आला. कांड्या भंगारवाल्यानं नेल्या. मधला दांडा तेवढा आजीनं द्यायचा नाही म्हणून काढून ठेवला, हलका आहे म्हणून. उंच वलणीवर लुगडं टाकायला ती तोच वापरायची. कांड्या बसवायची भोकं त्यात ओळीनं होती, आणि वाऱ्याच्या दिवशी लुगडं वर चढवताना त्यातून बारीक शिट्टी येई. आजीला ऐकू कमी येत होतं. ती विचारायची, “कोण हाक मारतंय का रे मला?”