दखनी : नगरच्या मुलखातील एक जुनी बोली

दखनी म्हणजे बिघडलेली उर्दू, असा समज आपल्या शहरात सर्रास आढळतो. आणि नवल हे, की ज्यांच्या घरी ती बोलली जाते तेही पुष्कळदा असेच सांगतात. नातू शाळेत शुद्ध उर्दू शिकू लागला म्हणजे आजीच्या बोलण्याला हसतो. इतिहासाची साक्ष मात्र आम्हांस अगदी उलट दिसते. दखनी ही प्रमाण उर्दूची वडील बहीण आहे, आणि तिला वाढविण्यात मराठीचा हात मोठा आहे.

अल्लाउद्दीन खिलजी १२९६ साली देवगिरीवर चालून आला. पुढे १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची पुष्कळशी वस्ती दौलताबादेस आणली. सुलतान परतला, पण शिपाई, कारागीर, फकीर यांतले कितीतरी लोक इकडेच राहिले. दिल्लीच्या आसपास हरियाणा-पंजाबकडे जी बोली तेव्हा चालत असे, ती त्यांच्या तोंडी होती. तिला त्या वेळी ना व्याकरण होते, ना दरबारची प्रतिष्ठा. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले, दिल्लीचा संबंध तुटला आणि ही बोली येथल्या मातीत आपल्या वळणाने वाढू लागली. उत्तरेत प्रमाण भाषा घडण्याच्या आधीच हिंदुस्थानी दक्षिणेत पोहोचली होती, ही गोष्ट भाषापाहणी करणाऱ्या ग्रियर्सननेही नोंदविली आहे. मूळ प्रमाणच जेथे नंतरचे, तेथे बिघाड कशाचा?

तिची ठेवण पाहिली म्हणजे हे अधिक पटते. 'लोगां', 'बातां', 'किताबां' ही अनेकवचने उत्तरेच्या जुन्या बोलींची खूण आहेत. दिल्लीने ती टाकून दिली, दखनीने जपली. उलट 'नक्को' हा शब्द उघडच आपला 'नको' आहे. 'मैंच', 'अब्बीच' यांतला 'च' तर थेट 'मीच', 'आत्ताच' मधून उचललेला. उत्तरेचा पाहुणा या 'च'ला हसतो, पण त्याच्या हिंदीत जे काम 'ही' करते तेच हा करतो, आणि आमच्या मते अधिक चपळाईने करतो. 'मेरे कू पानी होना' हे वाक्य लखनौच्या माणसाला कोड्यात टाकील. आपल्याला ते 'मला पाणी हवे' असे सहज कळते. अरबीतला कंठातला 'क' दखनी माणूस 'ख'सारखा उच्चारतो, म्हणून कलमेची 'खलम' होते. या एका अक्षरापायी किती जणांची थट्टा झाली असेल!

आता आपल्या शहराकडे वळू. मलिक अहमदाने १४९० साली भिंगारजवळ बहमनी फौजेचा मोड केला आणि १४९४ मध्ये सीनेच्या काठी अहमदनगर वसविले. (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे.) मलिक अहमदाचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, असे फिरिश्ता लिहितो. निजामशाहीच्या दरबारात फारसी चाले, गावच्या दप्तरात मराठी; छावणीत, बाजारात आणि दर्ग्यात मात्र दखनीचा अंमल होता. 'दखनी' हे नाव भाषेचे तसेच एका पक्षाचेही होते. इराण-तुराणातून आलेल्या आफाकी सरदारांशी या पक्षाचे हाडवैर असे. १५८९ साली नगरात आफाकींची मोठी कत्तल झाली. याच शहरात वाढलेला फिरिश्ता त्या धामधुमीनंतर विजापुरास निघून गेला. ते भांडण सत्तेचे होते हे खरे, परंतु कोण कोणत्या भाषेत बोलतो, हीही त्यात ओळखीची एक खूण होती.

वाङ्मय म्हणाल तर विजापूर-गोवळकोंड्याच्या मानाने नगरच्या वाट्याला थोडकेच आले. १६०० मध्ये किल्ला मोगलांच्या हाती गेला. जेथे राज्यच सतत लढाईत, तेथे कवींना आश्रय कोण देणार? तरीही १५०३ मध्ये अश्रफ याने करबल्याच्या कथेवर 'नौसरहार' हे काव्य रचले, आणि आपल्या भाषेला तो 'हिंदवी' म्हणतो. पुढे १५६५ च्या तालिकोटच्या लढाईवर हसन शौकी याने 'फतेहनामा निजामशाह' लिहिला. नगरच्या हुसेन निजामशहाचा विजय नगरच्याच बोलीत गायिला गेला, हे विशेष. हा शौकीही पुढे विजापूरचा झाला!

मराठी संतांनाही ही बोली परकी नव्हती. एकनाथांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'तला तुर्क आपल्या हिंदुस्थानीतच वाद घालतो. ती पैठणच्या लोकांना कळत असल्याशिवाय नाथांनी ती भारुडात घातली नसती. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, आणि हिंदुस्थानीतही पदे रचली. त्यांना दोन भाषा वेगळाल्या कप्प्यांत ठेवाव्या लागल्या नाहीत.

मग ही अवकळा आली कशी? औरंगाबादचा वली १७०० साली दिल्लीस गेला. पुढे १७२० च्या सुमारास त्याचा दीवान तेथे पोहोचला, तेव्हा फारसीत रमलेल्या दिल्लीकरांना उमगले की लोकांच्या बोलीतही उत्तम गझल होते. दिल्लीने दक्षिणेकडून ही वाट घेतली, आणि एका पिढीच्या आत शाह हातिमसारख्या कवींनी दखनी वळणाचे शब्द गावंढळ म्हणून निवडून बाहेर काढले. तोच निवाडा पुढे शाळांतून आपल्याकडे परत आला. आज शिरगणतीत दखनी बोलणारे बहुतेक लोक मातृभाषा 'उर्दू' अशी लिहवतात, त्यामुळे ही माणसे किती हेही कागदावर नीट दिसत नाही.

आपल्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात मौलाना आझाद बंदिवान होते. 'गुबारे खातिर'मधली त्यांची पत्रे तेथेच लिहिली गेली, आणि उर्दू गद्याचा तो एक उंच नमुना मानला जातो. त्या पुस्तकाचा नगरला अभिमान आहे, आणि असावाच. शौकीचे नाव मात्र येथे किती जणांना ठाऊक आहे? त्याचा दीवान १९७१ साली जमील जालिबी यांनी संपादून छापला, तो कराचीत. त्यातला फतेहनामा देवनागरीत उतरवून मराठी टिपांसह वाचायला मिळाला, तर त्यातले पुष्कळ शब्द झेंडीगेटच्या आणि मुकुंदनगरच्या आज्या कोशाशिवाय सांगतील. हे काम त्या आहेत तोवर व्हायला हवे.