इलेक्ट्रिक केटलमध्ये कोणतं पाणी वापरावं? बोअरचं, नळाचं की आरओचं?

मी हिंगोलीत खोली करून राहतो. दीड लिटरची केटल घेतली आणि रोज बोअरचं पाणी उकळू लागलो. काही महिन्यांतच तळाला पांढरा थर जमला, चहावर पापुद्रे तरंगू लागले. मोबाईलचा टॉर्च लावून तुमच्या केटलचा तळ एकदा बघा, तिथेही असेल.

हा थर येतो कुठून?

आपला हिंगोली जिल्हा बराचसा काळ्या बेसॉल्ट खडकावर आहे. पाणी त्यातून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं. असं पाणी म्हणजे जड पाणी. तापवलं की विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट मोडतं आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, तळाला बसते.

हिशोब करू. पाण्याचा जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल आणि रोज २ लिटर उकळलं, तर महिन्याला १८ ग्रॅम क्षार केटलमधून जातात. त्यातले एक तृतीयांश जरी बसले तरी ६ ग्रॅम झाले! हा थर उष्णता अडवतो. पाणी उशिरा उकळतं, वीज जास्त लागते आणि कॉइल जास्त तापून लवकर खराब होते.

मग कोणतं पाणी निवडायचं?

- आरओचं पाणी: क्षार कमी, थर जवळजवळ नाही.
- नळाचं पाणी: धरणाचं असेल तर बहुधा बोअरपेक्षा मऊ.
- बोअरचं पाणी: पिण्यायोग्य असेल तर चालेल, पण केटल नियमित साफ करा.
- बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर: अजिबात नको. ते पिण्यासाठी नसतं.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार जडपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. टीडीएस मीटर मात्र जडपणा सांगत नाही, एकूण क्षारांचा अंदाज देतो. घरगुती खूण सोपी: साबणाला फेस येत नसेल तर पाणी जड.

थर कसा काढायचा?

अर्धी केटल पाणी उकळा, प्लग काढा, दोन चमचे लिंबूसत्त्व टाका. वीस मिनिटांनी ओतून द्या. मग साधं पाणी दोनदा उकळून फेका. तारेच्या घासणीने खरवडू नका आणि केटल पाण्यात बुडवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं

माझी ताई बाळाला घेऊन आली होती. दुधाची पावडर कालवायला मी बोअरचं पाणी उकळून दिलं. म्हटलं, "उकळलंय ना, मग झालं!" ताईने विचारलं, "तपासलंयस का?" तपासलं नव्हतं. ते पाणी तिने वापरलं नाही, आणि बरंच केलं.

उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट आणि फ्लोराईड मात्र जात नाहीत. उलट वाफ गेली की त्यांचं प्रमाण थोडं वाढतं. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेट सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करू शकतं. बाळ निळसर पडतं, जीवावरही बेतू शकतं.

म्हणून बोअरचं पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. गावात असाल तर ग्रामपंचायतीत फील्ड टेस्ट किटची चौकशी करा. केटलचा थर लिंबूसत्त्वाने निघतो; पाण्यात न दिसणारं काय आहे, ते तपासल्याशिवाय कळत नाही.