मायन्याचा मागोवा

1481 सालच्या एप्रिलमध्ये बहमनी वजीर महमूद गावानचा शिरच्छेद झाला, तो एका बनावट पत्रामुळे. विरोधकांनी त्याचा शिक्का उमटलेला कोरा कागद मिळवला, त्यावर ओरिसाच्या राजाला चढाईचे आवतण लिहिले आणि सुलतान तिसऱ्या महंमदशहापुढे ठेवले. शिक्का माझा, मजकूर माझा नाही, असे गावान सांगत राहिला. सुलतानाने ऐकले नाही. पत्र कसे लिहावे हे गावानइतके जाणणारे दख्खनेत थोडेच होते, म्हणून हा शेवट जास्तच जिव्हारी लागतो.

बीदरचा मदरसा उभारणाऱ्या या वजिराचा फारसी पत्रसंग्रह म्हणजे 'रियाजुल इन्शा'. उस्मानी सुलतान दुसरा मेहमद, कवी जामी आणि गावानची स्वतःची मुले, सगळ्यांना लिहिलेली पत्रे त्यात आहेत. 'मनाझिरुल इन्शा' या ग्रंथात तर त्याने पत्रलेखनाचे शास्त्रच मांडले. दरबार आणि घर एकाच लेखणीने सांभाळायचे, मात्र प्रत्येकाची पायरी ओळखून.

बहमनी राज्याची शकले झाली, दफ्तराची फारसी रीत टिकली. शिवाजी महाराजांची सुरुवातीची पत्रे 'अज रख्तखाने' अशी उघडतात. 1674 नंतर तिथे 'स्वस्तिश्री राज्याभिषेक शके' आले. मजकूर संपताच 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब उमटे, म्हणजे खाली कोणाला ओळ घुसडायला जागाच उरू नये.

घरच्या पत्रांचा मायना मात्र संस्कृत वळणाचा. आईवडील 'तीर्थरूप', त्यांच्या जागी असलेले 'तीर्थस्वरूप', धाकटे 'चिरंजीव'. वर साष्टांग नमस्कार, खाली अनेक उत्तम आशीर्वाद. विधवेला 'गं. भा.' लावत, म्हणजे पाकीट फोडण्याआधीच बाईचे वैधव्य पोस्टमनला कळे. काही पत्रिकांत ती अक्षरे अजून दिसतात. ती जायलाच हवीत.

चीनने ही नाती थेट राजकारणात नेली. 1005 च्या तहानंतर सोंग आणि शेजारच्या लियाओ घराण्याचे सम्राट एकमेकांना भाऊ म्हणून लिहू लागले, सोंग थोरला. पुढच्या पिढ्यांत कोण काका, कोण पुतण्या याचा हिशेब दोन्ही दरबारांनी चोख ठेवला. चिनी शिष्टाचारात दुसऱ्याच्या वडिलांसाठी गौरवाचा शब्द आणि स्वतःच्या वडिलांसाठी साधा. आपण मात्र स्वतःच्याच वडिलांना तीर्थ मानले.

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या मराठी-कानडी पट्ट्यात मायना दोन भाषांत नांदतो. कानडी पत्रातही वडील तीर्थरूपच, आणि वडिलांसारख्यांना 'तीर्थरूप समानराद'. मराठीतल्या तीर्थस्वरूपाचीच ही जागा. पत्रे आता कोणी लिहीत नाही, तरी लग्नपत्रिका छापायला द्यायची वेळ आली की 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' हजर होतात. मग आजोबांचे नाव कुठे घ्यायचे, निमंत्रकांत आधी थोरले काका की मामा, यावर घरातली मोठी माणसे कच्चा मसुदा पुढ्यात घेऊन बसतात.