धोतराची गाठ आणि डॉ. खानोलकर

धायरी आता पुणे शहरात आली आहे. तरी तिथल्या वर्गात आजोबांच्या कपड्यांविषयी विचारलं, की एखादा हात 'धोतर' म्हणून वर होतोच. ते कमरेला टिकतं कसं? करकचून आवळलेलं असतं म्हणून. वर्षानुवर्षं एकाच जागी आवळल्यानं तिथल्या कातडीचा रंग उडतो, ती जाड होते. याच पट्ट्यावर क्वचित कर्करोगही होतो. हा फार दुर्मिळ आजार, पण विचार करायला लावणारा. कापड तर मांडीलाही लागतं, पोटरीलाही लागतं. मग रोग कमरेच्याच पट्ट्यावर का? म्हणजे दोष कापडाचा नसून सततच्या घासण्याचा असावा, असं मुलं स्वतःच सांगतात. नऊवारीच्या गाठीखालीही असे रुग्ण पुढे आढळले.

या आजाराची नोंद करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर १८९५ साली एका गोमंतकीय मराठी कुटुंबात जन्मले. १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातली एम.डी. घेऊन ते मुंबईत शिकवू लागले. १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, आणि तिथल्या प्रयोगशाळा व संशोधन त्यांच्याकडे आलं.

विकृतिशास्त्रज्ञाचं काम सूक्ष्मदर्शकाखालचं. गाठीचा तुकडा पाहायचा, निदान लिहायचं. खानोलकरांनी मात्र हा माणूस काय नेसतो, काय ओढतो, तोंडात काय धरतो, याकडेही पाहिलं. १९४५ साली त्यांनी आणि सूर्याबाईंनी सवयींशी जोडलेल्या तीन भारतीय कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यातला एक धोतराचा. दुसरा खैनीचा : तंबाखू-चुना खालच्या ओठामागे धरतात, कर्करोग तिथेच. तिसरा टाळूचा. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा पेटतं टोक तोंडात ठेवून ओढतात, बायकासुद्धा! (फळ्यावर तोंडाचं चित्र काढून जागा मुलांनाच दाखवायला लावा.) लंडनच्या पर्सिव्हल पॉटनं १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांचा कर्करोग काजळीशी जोडला होता, रीत तीच.

१९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे संचालक खानोलकरच. रुग्णालयात दिसलेल्या गोष्टींचं कारण पेशींमध्ये शोधायचं तर पेशी शरीराबाहेर वाढवता यायला हव्यात. ती ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा तिथे उभारली कमल रणदिवे यांनी, पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या.