सोडून गेलेले लोक मोजलेत का?

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने तिचा संशोधन आराखडा वाचायला दिला. विषय चांगला होता: आरोग्य शिक्षणासाठी ऑनलाइन साधन तयार करायचं आणि त्याची परिणामकारकता तपासायची. साधन कसं बनवणार यावर दहा पानं आणि कसं तपासणार यावर दोन ओळी: पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-टेस्ट. मला हसू आलं नाही, कारण माझ्या पहिल्या मसुद्यातही हेच होतं. तेव्हा गाईडनी समासात एकच प्रश्न लिहिला होता, "मधेच सोडून गेलेल्यांचं काय?" त्याचं उत्तर शोधताना मला जी गोष्ट सापडली ती तुम्हालाही सांगतो.

गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत हेलन ख्रिस्टेन्सन, कॅथलीन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यासंबंधी दोन संकेतस्थळं तयार केली. 'ब्लूपेजेस'वर साध्या भाषेत माहिती होती: नैराश्य म्हणजे काय, कोणते उपचार उपयोगी पडतात. 'मूडजिम'मध्ये पाच भागांतून विचारांची सवय बदलायचे धडे आणि सराव होता. २००१ मध्ये मूडजिम सगळ्यांसाठी मोफत खुलं झालं.

मग चाचणी झाली. नैराश्याची लक्षणं जास्त असलेले ५२५ लोक घेतले आणि रँडम पद्धतीने तीन गटांत वाटले: मूडजिम १८२, ब्लूपेजेस १६५, नियंत्रण गट १७८. इथे जरा थांबा. नियंत्रण गटाला 'काहीच दिलं नाही' असं नव्हतं. तिन्ही गटांना दर आठवड्याला फोन जायचा. नियंत्रण गटाशी राहणीमान, परिसर अशा विषयांवर बोलणं व्हायचं. का? तर कुणीतरी आपली चौकशी करतंय, एवढ्यानेही माणसाला बरं वाटतं. तो परिणाम संकेतस्थळाच्या खात्यावर जमा होऊ नये म्हणून.

२००४ मध्ये निकाल 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. नियंत्रण गटाच्या तुलनेत दोन्ही संकेतस्थळांनी लक्षणं कमी केली. म्हणजे नुसती नीट मांडलेली माहितीही कामाची ठरली. आरोग्य शिक्षणात काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना ही केवढी दिलासा देणारी गोष्ट!

पण खरा धडा पुढे आहे. चाचणीतल्या १८२ पैकी ४१ जणांनी मूडजिमचे पाचही भाग पूर्ण केले, म्हणजे २२.५ टक्के. आणि खुल्या संकेतस्थळावर? १९,६०७ पैकी ९७. अर्धा टक्का. साधन तेच, धडे तेच. फरक एवढाच की इथे दर आठवड्याला फोन करणारं कुणी नव्हतं आणि येणारे निवडून घेतलेले नव्हते. कुणी त्रासात होता, तर कुणी सहज डोकावला होता.

आता गंमत बघा. खुल्या संकेतस्थळावर जे टिकले त्यांच्यातली सुधारणा चाचणीतल्या लोकांसारखीच दिसली. समजा, फक्त त्यांचीच पूर्वचाचणी-उत्तरचाचणी केली असती, तर निष्कर्ष झकास आला असता. पण ती सुधारणा साधनामुळे, की मुळात जिद्द असलेलेच टिकले म्हणून? टी-टेस्ट हे सांगू शकत नाही.

२००५ मध्ये गुंथर आयझेनबाख यांनी या सगळ्याला 'गळतीचा नियम' म्हटलं. ऑनलाइन साधनांत गळती होणारच. ती लपवायची नाही, तिचाच अभ्यास करायचा. त्यांनी दोन प्रकार वेगळे केले: अभ्यासातूनच निघून गेलेले, आणि अभ्यासात आहेत पण साधन वापरत नाहीत असे. दुसरा प्रकार आपल्या डोळ्यांतून हमखास सुटतो, कारण ते प्रश्नावली भरून देतात! २०११ मध्ये अशा चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत यासाठी कॉन्सॉर्ट-ईहेल्थ ही तपासणी यादी आली. तुमचा आराखडा लिहिण्याआधी ती एकदा वाचाच.

तर तुम्ही काय करायचं? आकडे सुरुवातीपासून नोंदवा: किती जणांना विचारलं, किती जणांनी साधन उघडलं, कुठल्या भागावर किती जण थांबले, शेवटपर्यंत किती पोचले. ज्याला ज्या गटात टाकलं, त्याचा हिशोब त्याच गटात धरा, मग त्याने साधन एकदाही उघडलेलं नसो. आणि तुम्ही व्हॉट्सॲपवर आठवण करून देत असाल, तर तेही लिहा. मग तुमचं साधन म्हणजे 'संकेतस्थळ' नाही, 'संकेतस्थळ अधिक आठवण' आहे.

याने तुमचा निकाल कदाचित फिका दिसेल. हरकत नाही. उद्या कुणी तुमच्या प्रबंधावर विसंबून गावातल्या आरोग्य केंद्रात तेच साधन फोनशिवाय, आठवणीशिवाय ठेवेल. तिथे ते चालेल की नाही, हे त्याला तुमच्याकडूनच कळायला हवं.

ज्युनिअरला मी आराखडा परत दिला. समासात तोच प्रश्न लिहून.