वायरचं आवरण : रबर, पीव्हीसी आणि धूर

आजचा भाग वायरवर आहे. तांब्यावर नाही, तांब्यावरच्या आवरणावर. राजापेठेतल्या आमच्या जुन्या घराचं वायरिंग बदलायला काढलंय. दुकानात पहिलाच प्रश्न आला, "एफआर देऊ की एफआर-एलएसएच?" याचं उत्तर इतिहासात सापडतं, म्हणून हा भाग.

जुन्या वाड्यांत भिंतीवर लाकडी केसिंग-कॅपिंग पाहिलं असेल. त्यातली वायर म्हणजे आत तांबं, त्यावर गंधक घालून पक्कं केलेलं रबर, अन् वरून सुताची विणलेली खोळ. गंधक तांब्याला खातं, म्हणून तांब्याला आधी कल्हई करायचे. पण उष्णतेनं रबर वर्षागणिक सुकतं, तडकतं. हात लावला की भुगा होतो अन् आतलं तांबं उघडं पडतं.

१९२६ मध्ये अमेरिकेत गुडरिच कंपनीच्या वाल्डो सेमन यांनी पीव्हीसी या कडक प्लास्टिकला लवचिक करून दाखवलं. १९४२ मध्ये जपाननं मलाया घेतला, दोस्त राष्ट्रांचं रबर तुटलं आणि रबराला पर्यायांची गरज वाढली. आपल्याकडे १९५८ मध्ये पुण्यात फिनोलेक्स सुरू झाली, तीही मोटारगाड्यांच्या पीव्हीसी वायरपासून.

पीव्हीसीला ओल लागत नाही, ते रबरासारखं तडकत नाही. पण त्याला दोन मर्यादा आहेत.

पहिली उष्णतेची. साध्या पीव्हीसी वायरीत तांबं ७० अंशांपर्यंतच तापू द्यायचं असतं. वायरीवर किती अँपिअर चालतील, याचे तक्ते बहुधा हवा ४० अंश धरून केलेले असतात. म्हणजे तापायला ३० अंशांची जागा. अमरावतीत मे महिन्यात ४५ अंश झाले, की उरले २५. गणित केलं तर वायरची क्षमता जवळपास ९ टक्के घटते, अन् नेमके तेव्हाच कूलर-एसी जोरात असतात. ८५ अंशांची एचआर वायर इथेच कामी येते.

दुसरी मर्यादा धुराची. पीव्हीसी जळलं की काळा धूर आणि हायड्रोजन क्लोराईड निघतो. नाका-घशातल्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या आगीत १० नवजात बाळं गेली. त्यातली बरीचशी भाजून नाही, धुरात गुदमरून. ती आग वायरीच्या आवरणामुळे लागली असं मी म्हणत नाही. पण बंद खोलीत आगीआधी धूर जीव घेतो, हे तिथं दिसलं.

आता दुकानदाराचा प्रश्न. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. एफआर वायरीच्या आवरणाला जळत राहायला किमान २९ टक्के लागतो, म्हणून ज्वाला पसरत नाही. पण धुराची हमी त्यात नाही. एफआर-एलएसएच हेही पीव्हीसीच, फक्त धूर आणि आम्लवायू कमी. एचएफएफआरमध्ये क्लोरीनसारखे हॅलोजनच नाहीत. दवाखाना, शाळा, हॉस्टेल, जिथं लोक पटकन बाहेर पडू शकत नाहीत, तिथं तीच घ्यावी. घरात म्हातारी माणसं झोपतात, म्हणून आम्ही एचआर असलेली एफआर-एलएसएच घेतली.

एक ध्यानात ठेवा : चांगलं आवरण बारीक वायरीची भर काढत नाही. लोडप्रमाणे जाडी, एमसीबी अन् अर्थिंग हवंच. बंडल घेताना आयएसआय खूण आणि आयएस ६९४ हा आकडा वायरीवरच छापलेला पाहा.

भेटू पुढच्या भागात!