गाजरातून आलेला पडदा

गाजर खाल्ल्याने डोळे चांगले राहतात, हे आमच्या आजीने आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं की पुढे पुढे नुसतं गाजर बघूनच आमचे डोळे पाणावत. पण गाजराचा आणि डोळ्यांचा खरा संबंध आजीलाही ठाऊक नव्हता. आज घरोघरची पोरं ज्या चपट्या पडद्यापुढे बसून रात्र रात्र बंदुका चालवतात, मोटारी पळवतात आणि डोळ्यांची वाट लावून घेतात, त्या एल.सी.डी. मॉनिटरची गंगोत्री शोधत गेलं तर आपण पोचतो ते गाजरापाशीच.

गोष्ट १८८८ सालची. प्राग शहरात फ्रीड्रिश राइनिट्झर नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ होते. गाजरात कोलेस्टेरॉलच्या जातकुळीचं एक द्रव्य असतं, त्याचा छडा लावण्याच्या नादात ते कोलेस्टेरॉलची निरनिराळी संयुगं करून बघत होते. (कोलेस्टेरॉल तेव्हा फॅमिली डॉक्टरच्या हाती लागलेलं नव्हतं, त्यामुळे माणसं त्याच्याकडे निव्वळ कुतूहलाने बघू शकत.) त्यांतलं एक संयुग १४५.५ अंशांना वितळलं, पण वितळून झालं काय, तर ताकासारखं गढूळ. राइनिट्झर तापवत राहिले. १७८.५ अंशांना ते ताक एकदम पाण्यासारखं स्वच्छ झालं. म्हणजे एका पदार्थाला दोन वितळबिंदू! आमच्या वडिलांच्या पिढीत एका माणसाला दोन जन्मतारखा असत, एक खरी आणि एक शाळेतली. त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण रसायनशास्त्रात हा प्रकार खपत नाही. राइनिट्झरनी ओट्टो लेमान या जर्मन पदार्थवैज्ञानिकाला पत्र घातलं. लेमानकडे पदार्थ तापवता तापवता बघता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. त्यांनी बघितलं, की हे द्रव्य वाहतं पाण्यासारखं आणि आतून शिस्त पाळतं स्फटिकासारखी. त्यांनी त्याला नाव दिलं द्रव स्फटिक. ‘लिक्विड क्रिस्टल’ ते हेच. यावर इतर विद्वानांनी विद्वानांचं काम केलं, म्हणजे भेसळ असल्याची शंका काढली. आणि पुढली जवळजवळ ऐंशी वर्षं हे द्रव्य प्रयोगशाळेच्या फडताळात पेन्शनीत निघाल्यासारखं पडून राहिलं.

त्याला कामाला लावलं अमेरिकेतल्या आर.सी.ए. कंपनीने. जॉर्ज हाइलमायर आणि मंडळींनी १९६८ साली द्रव स्फटिकाचा पडदा पत्रकारांना दाखवला. पण कंपनीचा जीव गुंतला होता टी.व्ही.च्या काचेच्या ट्यूबमध्ये. गोठ्यात चार म्हशी असलेला माणूस बाटलीतल्या दुधाची एजन्सी कशाला घेईल? तिथलेच एक वोल्फगांग हेल्फ्रिश उठून स्वित्झर्लंडला गेले, बाझेलच्या रोश कंपनीत. ही कंपनी औषधांची. जगाला शांत करणारी व्हॅलियमची गोळी तिचीच. तिथे मार्टिन शाड्ट आणि हेल्फ्रिश यांनी ४ डिसेंबर १९७० रोजी जे पेटंट दाखल केलं, त्याचं नाव ‘ट्विस्टेड नेमॅटिक’, बाजारात ‘टी.एन.’ (तिकडे अमेरिकेत जेम्स फर्गसन यांनाही हेच सुचलं होतं; त्यावरून जी पेटंटची भांडणं झाली त्यांत आपण नको पडायला.) मग इंग्लंडात हल इथे जॉर्ज ग्रे यांच्या चमूने १९७३ साली घरच्या तापमानात सुखाने राहील असा द्रव स्फटिक तयार केला, आणि कॅल्क्युलेटर नि मनगटी घड्याळं धडाधड निघू लागली.

आता या टी.एन.चा स्वभाव जरा समजून घ्यायला हवा. पुढची सगळी रड त्याच्यात आहे. दोन काचा, मधे केसाच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शाएवढी फट, तीत काडीसारखे रेणू. एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत ते गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे नव्वद अंशांत वळत गेलेले. त्या जिन्यावरून उजेडही वळत वळत पलीकडे उतरतो. वीज लावली की रेणू उभे राहतात, जिना मोडतो, उजेड अडतो, ठिपका काळा. थोडक्यात कचेरीसारखं. साहेब आले की सगळे ताडकन उभे. साहेब गेले की बसतात, पण ते आपापल्या सवडीने. उभं करायला वीज आहे, बसवायला कुणीच नाही. आणि साहेबांऐवजी नुसते हेडक्लार्क आले तर? तेव्हा कर्मचारी अर्धवट उठतो, आणि ते अर्धवट उठणंही अर्ध्या मनाने, म्हणून सगळ्यांत सावकाश. एका करड्या छटेवरून दुसऱ्या करड्या छटेवर जाताना द्रव स्फटिकाचं नेमकं हेच होतं. थंडी पडली की तर तो आणखीच जड होतो. यात मी त्याला दोष देणार नाही.

घड्याळाला या आळसाचं सोयरसुतक नव्हतं. मिनिटातून एकदा आकडा बदलायचा, त्याला कसली घाई? अडचण झाली ती खेळाची. निन्टेंडोने १९८० साली ‘गेम अँड वॉच’ काढला, तेव्हा त्यातली चित्रं आधीच काचेवर ठरलेली होती. एक विझलं की शेजारचं लागे. आपल्याकडे १९९० नंतर जत्रेत नि स्टेशनबाहेर विकला जाणारा ‘ब्रिक गेम’ त्याच घराण्यातला. पण १९८९ चा ‘गेम बॉय’ आला आणि त्यात चित्र सरकू लागलं. हिरवट पडद्यावर पळणाऱ्या गड्यामागे त्याचं भूतही पळे. या भुताला खेळणाऱ्यांच्या भाषेत ‘घोस्टिंग’ म्हणतात. याउलट जुनी ट्यूब! वजन गव्हाच्या पोत्याएवढं, टेबल अर्धं खाणार, पण ठिपका उजळला की क्षणात विझणार. भूत नाही की खेत नाही. म्हणून कचेऱ्यांनी चपटे पडदे घेतले, तरी गेम खेळणारी पोरं आपली पोती कवटाळून बसली होती.

अशा काळात, म्हणजे २००६ साली, माझ्या भाच्याने चपटा मॉनिटर घ्यायचं मनावर घेतलं. दोन सुट्ट्या एका झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून त्याने बारा हजार रुपये जमवले होते. बापाने “एक पै मिळणार नाही” असं आधीच जाहीर केलेलं. त्यामुळे वजन यावं म्हणून मामाला बरोबर घेण्यात आलं. एरवी घरात मामाला वजन आहे अशी कुणाची तक्रार नाही.

दुकानदाराने आल्या आल्या आकडा फेकला. “आठ मिलिसेकंद! घ्या डोळे मिटून.”

“डोळे मिटून मॉनिटर?” मी म्हटलं.

“मामा, तू जरा थांब,” भाचा म्हणाला, आणि दुकानदाराकडे वळला. “ब्लॅक टू व्हाइट आठ, की ग्रे टू ग्रे?”

दुकानदाराने प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि चहा मागवला.

चहा येईपर्यंत भाच्याने मला जे सांगितलं ते ऐकून एस.टी. महामंडळाबद्दलचा माझा आदर दुणावला. हे मिलिसेकंद मोजायची जी रूढ पद्धत, तीत ठिपका उजळण्याचे पहिले दहा टक्के आणि शेवटचे दहा टक्के धरतच नाहीत. म्हणजे गाडी स्टँडातून हलून वेशीबाहेर पडली की घड्याळ चालू, आणि पुढच्या गावाची वेस दिसली की बंद! आधी आकडा सांगत तो काळ्याचा पांढरा आणि पुन्हा काळा होण्याचा. तो जास्त चांगला दिसणारा, कारण त्यात साहेबच ये-जा करतात. खरा खेळ तर अंधाऱ्या बोळात, करड्या भिंतींमधून चालतो. तिथे वेळ कितीतरी जास्त लागे. मग कंपन्यांनी ‘ओव्हरड्राइव्ह’ काढलं. हेडक्लार्क येत असले तरी क्षणभर “साहेब आले!” अशी आरोळी ठोकायची, माणसं दचकून उठतात, अर्ध्यावर आली की “बसा, बसा, हेडक्लार्कच आहेत.” चपळाई खरोखरच वाढली. मात्र आरोळी फार मोठी झाली की काहीजण पुरते उभे राहतात, आणि मूळ भुताच्या जागी उजळ रंगाचं नवं भूत दिसतं. एवढं झाल्यावर खोक्यावर छापायला ग्रे टू ग्रेचा आकडा सोयीचा झाला आणि आठाचे चार, चाराचे दोन होत गेले. कुणी सरळसरळ खोटं बोलत नव्हतं. फक्त प्रत्येकजण आपापल्या सोयीच्या वेशीपासून मोजत होता.

दुकानात तीन मॉनिटर शेजारी शेजारी लागलेले होते. भाच्याने एकेकावर अक्षरांनी भरलेली खिडकी उंदराने पकडली आणि सावकाश इकडून तिकडे ओढली. चालत्या खिडकीतली अक्षरं ज्यावर वाचता येतील तो घ्यायचा. आठवाला विस्कटला, चारवाल्याची अक्षरांना पांढरी किनार आली, तिसरा, आकडा धड न छापलेला, बऱ्यापैकी वाचता आला. तो अकरा हजार आठशेला पडला. काळे ठिपके निघाले तर बदलून मिळेल का, असं विचारल्यावर दुकानदाराने अंगठा वर करून “स्टँडर्डप्रमाणे” एवढंच सांगितलं. ते आय.एस.ओ.चं स्टँडर्ड मी नंतर पाहिलं. त्यातल्या दुसऱ्या वर्गात दहा लाख ठिपक्यांमागे दोन कायमचे पेटलेले आणि दोन कायमचे विझलेले क्षम्य आहेत. अहो, एवढी उदारता आमच्या गणिताच्या मास्तरांनी दाखवली असती तर!

घेतलेला मॉनिटर टी.एन.च होता. स्वस्तातले सगळे तेच असत. हिताचीने १९९६ साली ‘आय.पी.एस.’ पडदा आणला होता. रंग सुरेख, कुठूनही बघा सारखाच. पण तो महाग, आणि त्या काळी मंदही. टी.एन.चे रंग म्हणजे प्रत्येकी चौसष्ट छटा, एकूण २,६२,१४४. खोक्यावरच्या एक कोटी बासष्ट लाखांतले बाकीचे हातचलाखीने भासवलेले. पण गडी चपळ. स्वस्त आणि चपळ या दोन गोष्टी एकाच वस्तूत सापडण्याचा हा दुर्मीळ योग गरीब विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत काही वर्षं टिकला. खोट एवढीच, की टी.एन. समोरूनच बघावा, बाजूने बघितला की नायकाचा चेहरा कावीळ झाल्यासारखा.

या खोडीवर जो इलाज निघाला, त्याचं मूळ आपल्याकडचं आहे. नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. झालेले एस. चंद्रशेखर बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत होते. सर सी. व्ही. रामन यांचे ते भाचे. (मामाने भाच्याला काय द्यावं याचे दाखले कधीकधी अवघड करून ठेवतात लोक.) त्यांनी सदाशिव आणि सुरेश या सहकाऱ्यांबरोबर १९७७ साली दाखवून दिलं, की द्रव स्फटिकाचे रेणू काडीसारखेच असायला हवेत असं नाही, थाळीसारखेही चालतात. पुढे जपानच्या फूजीने असल्याच थाळीदार रेणूंची एक पातळ फिल्म काढली. ती टी.एन.वर चढवली, की बाजूने बघणाऱ्यालाही बरंचसं धड दिसू लागलं. पडद्यामागच्या कलाकारांचं नाव पाटीवर नसतं, इथे तर हे कलाकार पडद्यावरच चिकटलेले आहेत.

इतकं होऊनही भाच्याचा एक मित्र पोतं सोडायला तयार नव्हता, आणि तोच बरोबर निघाला. सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा चपटा पडदा प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद तसंच धरून ठेवतो. आपला डोळा मात्र पळत्या गड्याबरोबर पुढे सरकत राहतो, आणि थांबलेलं चित्र डोळ्यातच पुसटतं. स्फटिकाने शून्य मिलिसेकंदात उडी मारली तरी हे पुसटणं जायचं नाही. आमचा दुकानदार, कंपन्या आणि निम्मे गिऱ्हाईक मिलिसेकंदांवर भांडत होते. भांडायला हवं होतं हर्ट्झवर. १२० हर्ट्झचे मॉनिटर २००९ साली आले, तेही मुख्यतः चष्मा लावून त्रिमिती खेळ बघता यावेत म्हणून. चष्मे कपाटात गेले, हर्ट्झ राहिले. २०१२ मध्ये १४४ आले. तिथे चित्र जेमतेम सात मिलिसेकंद थांबतं. २०१९ च्या सुमारास आय.पी.एस.ही चपळ झाला, आणि टी.एन.चं राज्य संपत आलं. आता ओ.एल.ई.डी.वाले ०.०३ मिलिसेकंद असं छापतात.

भाच्याने परवा नवा मॉनिटर आणला तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचलाही नाही. त्याने तो लावला, यादीतून ओव्हरड्राइव्ह मधल्या खुंटीवर ठेवलं, आणि अक्षरांनी भरलेली खिडकी पकडून सावकाश इकडून तिकडे ओढली.